बॅटरी मुदतीतच बसली? भंगारात देण्याआधी वॉरंटी कार्ड बघा

वाफसा आलाय, पेरणीयंत्र जोडलंय आणि सकाळी चावी फिरवली तर ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता 'कट-कट' करून गप्प. अशा वेळी आपल्याकडे ठरलेला उपाय असतो. ट्रॅक्टर उतारावरून सोडून कसाबसा चालू करायचा, दुपारी तालुक्याला जायचं, जुनी बॅटरी दुकानात ठेवायची आणि वर पैसे भरून नवी आणायची. घाईत एक गोष्ट विचारायची राहून जाते, ती म्हणजे जुन्या बॅटरीची वॉरंटी बाकी होती का? बाकी असेल तर काही हजारांची वस्तू आपण भंगाराच्या भावात देऊन बसलो, असं समजा. मोटारसायकल, टेम्पो, रिक्षा, जीप, सगळ्यांना हीच गोष्ट लागू होते.

कार्डावरचे '18+18' म्हणजे काय?

बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा दोन तुकड्यांत असते. कार्डावर 36 महिने आणि खाली 18+18 असं लिहिलेलं असेल, तर पहिल्या 18 महिन्यांत बॅटरी कंपनीच्या दोषाने गेली की बदलून फुकट मिळते. पुढच्या 18 महिन्यांत फुकट नाही, तर नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते. या दुसऱ्या भागाला 'प्रो-रेटा' म्हणतात. जितके महिने जास्त वापरली, तितकी सूट कमी. कोणत्या महिन्याला किती टक्के, याचा तक्ता कार्डावर किंवा कंपनीच्या माहितीत दिलेला असतो. महिने प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या कार्डावरून आपला अंदाज बांधू नका.

आणखी एक. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीचीच उरलेली मुदत पुढे चालते. 36 महिन्यांची बॅटरी 14 व्या महिन्यात बदलली, तर बदललेल्या बॅटरीला उरतात 22 महिने. म्हणून बदलून घेतल्यावर जुनं बिल फेकू नका.

आधी बघा, बॅटरी मेली आहे की उपाशी आहे?

वॉरंटी बिघडलेल्या बॅटरीला असते, उतरलेल्या बॅटरीला नसते. रात्रभर लाइट चालू राहिली किंवा ट्रॅक्टर दोन महिने उभा राहिला, तर बॅटरी उतरणारच. ती चार्ज करून परत मिळते, बदलून मिळत नाही.

गावातल्या वायरमनकडे मीटर असतो. गाडी बंद ठेवून सहा-आठ तासांनी व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता ती पूर्ण चार्ज करा. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला, तर बहुतेक एक सेल गेला. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल दोन व्होल्टपेक्षा थोडं जास्त देतो. त्यातला एक मेला की तेवढाच आकडा कमी होतो.

मग इंजिन चालू करून बघा. चालू इंजिनवर मीटरने साधारण 13.8 ते 14.4 दाखवायला हवं. आकडा बारावरच राहिला, तर बॅटरी चार्जच होत नाही. दोष अल्टरनेटरचा, पट्ट्याचा किंवा वायरिंगचा आहे. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीतलं पाणी उकळून उडतंय. या दोन्ही गोष्टी दुरुस्त न करता नवी बॅटरी बसवली, तर तीही त्याच वाटेने जाणार. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल किंवा क्लॅम्प सैल असेल, तर तेही साफ करून, आवळून बघा. कित्येकदा काम तिथेच होतं.

बॅटरी काढताना आधी वजा बाजूची वायर सोडा, बसवताना ती शेवटी जोडा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. आत ॲसिड असतं. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाणी मारा आणि दवाखाना गाठा.

दुकानात काय न्यायचं?

बिल, दुकानाचा शिक्का व तारीख असलेलं कार्ड आणि बॅटरी. बॅटरीवर सिरीयल नंबर असतो, तो कार्डावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. आता काही कंपन्या कागदाऐवजी मोबाईल नंबरवर वॉरंटी नोंदवतात. तसं असेल तर खरेदीच्या वेळचा मेसेज दाखवा. नव्या गाडीसोबत आलेली बॅटरी असेल तर गाडीच्या खरेदीची कागदपत्रं लागतात. अशा वेळी आधी गाडीच्या डीलरकडे किंवा त्या बॅटरी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे विचारा.

दुकानदार बॅटरी चार्जला लावतो, लोड टेस्टर लावतो, पाण्याची बॅटरी असेल तर प्रत्येक सेलचं पाणी हायड्रोमीटरने तपासतो. याला एखाद-दुसरा दिवस लागू शकतो आणि ते गैर नाही. पण बॅटरी ठेवून येताना पावती घ्याच. पावतीवर तारीख, सिरीयल नंबर आणि दुकानाचा शिक्का हवा. काम अडलं असेल तर तेवढ्या दिवसांसाठी वापरायला दुसरी बॅटरी मागून बघा. बरेच दुकानदार ओळखीवर देतात, पण आपण मागत नाही.

क्लेम कशामुळे नाकारतात?

सिरीयल नंबर खोडलेला किंवा कार्डाशी न जुळणारा असेल. डबा फुटला, टर्मिनल वितळलं किंवा तुटलं असेल. बोअरचं किंवा नळाचं पाणी टाकलं असेल; बॅटरीत फक्त डिस्टिल वॉटर टाकायचं असतं. वरून ॲसिड ओतलं असेल. पाणी प्लेटच्या खाली जाऊन प्लेटा सुकल्या असतील. ट्रॅक्टरची बॅटरी घरात इन्व्हर्टरला जोडली असेल. आणि आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्तीच्या लाइटा, डेक आणि मोठे स्पीकर.

नाकारलं तर 'कंपनी नाही म्हणते' एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कारण लेखी मागा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा बोलण्याचा सूर बदलतो.

सुटीचा हिशेब कागदावर मांडा

प्रो-रेटा काळात सूट बहुतेक छापील किमतीवर धरतात. बाजारात मात्र तीच बॅटरी छापील किमतीपेक्षा कमीत मिळते. समजा छापील किंमत 8,000 आणि तुमच्या महिन्याला सूट 30 टक्के. म्हणजे तुम्ही भरणार 5,600, आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. आता तीच बॅटरी जुनी देऊन बाजारात 6,500 ला मिळत असेल, तर तुमचा फायदा 2,400 नाही, फक्त 900 आहे. आणि कुणी 5,500 ला देत असेल, तर क्लेम करून 100 रुपये उलट जास्तच जातात. दोन्ही भाव विचारा, नव्या बॅटरीला वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरणार तेही विचारा, मग ठरवा. फुकट बदलीच्या काळात मात्र हा विचार करायचं कारण नाही, सरळ क्लेम करा.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीच्या ग्राहक सेवा नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. 'ट्रॅक्टर धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने 'व्यापारी कारण' धरली जात नाही.

पुढची बॅटरी घेताना

पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर क्लेम उभा राहत नाही. कार्डावर तारीख, शिक्का, सिरीयल नंबर आणि गाडीचा नंबर तुमच्या समोर भरून घ्या. वॉरंटी मोबाईलवर नोंदवत असतील तर नंबर स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको. बॅटरी कधी बनली ते विचारा, फार दिवस पडून असलेला माल घेऊ नका. आणि घरी येण्याआधी बिल, कार्ड आणि बॅटरीवरचा नंबर, तिन्हीचे फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा. कागद पावसात भिजतो, उंदीर खातो. फोटो दोन वर्षांनीही सापडतो.