कॉकटील नर की मादी? आधी वय बघा

पक्ष्यांच्या दुकानात कॉकटीलची ‘जोडी’ म्हणून हाती पडणारी दोन पिल्लं बरेचदा अंदाजपंचे निवडलेली असतात. दुकानदार लबाड असतोच असं नाही. त्या वयात नर आणि मादी दिसतातच सारखे.

काकाकुव्याच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. मूळ करड्या रंगाच्या प्रौढ पक्ष्यांत फरक सहज कळतो. नराचा चेहरा पिवळाधमक, गालावरचा नारिंगी ठिपका ठसठशीत आणि शेपटी खालून एकरंगी काळपट. मादीचा चेहरा करडा, ठिपका फिकट, शेपटीखाली पिवळ्या आडव्या रेघा आणि पंखांखाली पिवळे ठिपके.

मेख अशी, की नर पिल्लूही सुरुवातीला मादीसारखंच दिसतं. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास पिल्लाची पिसं झडू लागतात आणि वर्षाचा होईतो नराचा चेहरा पिवळा होतो. त्यामुळे शेपटीवर रेघा दिसल्या की लगेच ‘मादी’ म्हणता येत नाही. तो सहा महिन्यांचा नरही असू शकतो. आखूड तुरा, आखूड शेपूट आणि गुलाबीसर चोच ही कोवळ्या वयाची लक्षणं.

पक्षी एकदा प्रौढ झाला, की तो दोन वर्षांचा आहे की दहा, हे रूपावरून सांगता येत नाही. तिथे उपयोगी पडते पायातली बंद रिंग. ती पिल्लाच्या पहिल्या दोनेक आठवड्यांतच चढवता येते, आणि तिच्यावर बहुधा जन्माचं वर्ष कोरलेलं असतं.

पिंजऱ्यातल्या पैदाशीतून आलेले रंग हा गुंता वाढवतात. पांढऱ्या-पिवळ्या ल्युटिनोचा चेहरा नर-मादी दोघांतही पिवळाच; मादीच्या शेपटीखालच्या पुसट रेघा उजेडात धरून शोधाव्या लागतात. पाइडमध्ये तर या खुणांवर विसंबताच येत नाही. पर्ल नराच्या पाठीवरची मोत्यांसारखी नक्षी मोठेपणी बहुतेक पुसली जाते, मादीची टिकते. कधी आईबापच उत्तर देतात: बाप ल्युटिनो आणि आई करडी असेल, तर ल्युटिनो पिल्लं सगळ्या माद्या, करडे सगळे नर. कारण मादी पिल्लाला झेड गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं आणि ल्युटिनो रंगाचं जनुक त्याच्यावरच असतं.

लांबलचक शिट्ट्या मारणारा, पंख किंचित उचलून मिरवणारा पक्षी बहुधा नर असतो, पण माद्याही शिट्टी घालतात. खात्रीच हवी असेल, तर मुळासकट उपटलेल्या पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी होते आणि ती कोवळ्या पिल्लाचीही करता येते. अंडं घालणारी अर्थात मादीच, पण त्यासाठी नर लागत नाही. दोन माद्याही जोडीसारख्या राहतात आणि दोघी अंडी घालतात. घरट्यात नेहमीच्या चार-सहांऐवजी आठ-दहा अंडी जमली आणि एकही फळलं नाही, तर तो ‘नर’ पुन्हा एकदा तपासून घ्यावा.