आधारचा बारावा अंक

फॉर्म भरताना आधार क्रमांकाचा एक अंक चुकला, तर संगणक तो घेत नाही. त्याला कसं कळतं? बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. तो राखणदार. ही रीत डच गणितज्ञ व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, ४७ चे ७४ झाले, तरी ती हमखास पकडते. पण सासूच्या नावापुढे सुनेचा क्रमांक लिहिला, तर राखणदार गप्पच! क्रमांक खराच असतो, बाई दुसरी असते. मग अनुदान भलत्याच खात्यात जाऊ शकतं. म्हणून कार्ड हातात घेऊन नाव आणि क्रमांक दोन्ही मोठ्याने वाचा, मगच सही करा.