१९०० टन की २० टन?

अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतचे जुने गाळे दर पावसाळ्यात आणखी खाली गेल्यासारखे वाटतात. खरं तर डांबराचे थर चढून रस्ताच वर येतो. मग मालक म्हणतो, मीटरभर भराव टाका आणि वर ट्रिमिक्स काँक्रीटची नवी फरशी करून घ्या.

समजा, शेड १००० चौरस मीटरची आहे. दाबून बसवलेला मुरूम घनमीटरला साधारण १९०० किलो भरतो. म्हणजे १९०० टन, १६ टनी डंपरच्या जवळजवळ १२० फेऱ्या. खाली अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखा बेसॉल्ट खडक असेल तर खुशाल टाका. पण मिठी नदीच्या काठी किंवा घाटकोपर-मुलुंडच्या पूर्वेला, ठाणे खाडीकडे, खाली मऊ चिकणमाती लागते. एवढ्या ओझ्याखाली तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षं पिळून निघत राहतं आणि फरशी कुठे कमी, कुठे जास्त खचते.

नॉर्वेत ऑस्लोजवळ फ्लोमच्या पुलालगतचा रस्ता असाच वर्षाला २० सेंटिमीटरहून जास्त खचत होता. १९७२ साली तिथल्या अभियंत्यांनी भराव उपसून चक्क थर्माकोलचे ठोकळे बसवले. मखरातल्या थर्माकोलचाच हा भाऊबंद, फक्त जास्त घट्ट: घनमीटरला २० किलो. आपल्या शेडला लागेल २० टन, मुरमाच्या जवळजवळ शंभरावा हिस्सा! वजनाने दोन डंपरांचा माल, पण आकारापायी बत्तीस फुटी कंटेनरच्या सतराएक फेऱ्या होतात. भाडं बहुतेक हवेचंच. तरी हा फुसका माल चौरस मीटरला ४ टन पेलतो, तोही जेमतेम एक टक्का दबून. पेट्रोल किंवा थिनर झिरपलं तर मात्र विरघळतो, आणि गाळ्यांत या दोन्हींचा तुटवडा नसतो.

पण खरी मेख पाण्यात आहे. २६ जुलै २००५ ला सुरू झालेल्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदले गेले. आपल्या शेडच्या नुसत्या छपरावर तेवढा पाऊस म्हणजे ९४४ टन पाणी. फरशीखाली पुराचं पाणी शिरलं की हा एक मीटर थर्माकोल चौरस मीटरला ९८० किलोंनी वर रेटतो. वरचं १५० मिलिमीटर काँक्रीट ३६० किलोंचं, आणि तेही बुडालं तर त्याचा खाली दाब उरतो २१० किलो. पूर येताच अख्खी फरशी होडीसारखी उचलली जाईल. ती दाबून धरायला ७०० मिलिमीटर काँक्रीट लागेल, म्हणजे वाचवलेलं बरंचसं वजन पुन्हा डोक्यावर.

त्यामुळे सखल भागात मला फेस मिसळलेलं हलकं काँक्रीट बरं वाटतं. घनमीटरला ८०० किलोंचं घेतलं, तर पुरात वरचा रेटा २०० आणि फरशीचा दाब २१०. दहा किलोंच्या भरवशावर कोण झोपेल? १००० किलोंचं घ्यावं. ते पाण्याइतकंच जड, म्हणजे वर रेटा जवळपास शून्य. आणि एकूण भार १००० टन, मुरमापेक्षा ९०० टनांनी कमी.