एकचाकी मोटारसायकल : चालेल काय?

मोटारसायकल म्हटली की दोन चाके आलीच. पौड-पिरंगुटच्या रस्त्याने कॉलेजात येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा तिच्याशी रोजचा संबंध आहे. पण गॅरेजात खटपट करणाऱ्या मित्रांत एक प्रश्न हमखास निघतो : "सर्कशीत एकचाकी सायकल चालते, मग तिला इंजिन बसवले तर का चालू नये?" प्रश्न रास्त आहे. विषय शास्त्राचा असला तरी कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो समजून घेता येतो.

अशा गाडीचे प्रकार दोन. पहिल्यात चालक एका मोठ्या चाकाच्या पोटात बसतो. १९२० नंतरच्या दशकात इटलीतील दाविदे चिस्लागी यांनी अशी गाडी बनविली. इंग्लंडमध्ये डॉ. पर्व्हेस यांनी १९३२ साली सुमारे दहा फूट उंचीचे चाक समुद्रकिनाऱ्यावर चालवून दाखविले. तेव्हा ही गाडी चालते, यात शंका नाही. आपल्याकडे पोरे जुना टायर काठीने पळवितात. तो वेगात असेपर्यंत उभा राहतो, मंदावला की डगमगतो. तसेच हे.

खरी अडचण थांबण्याची आहे. आतली बैठक आकाशपाळण्यातील पाळण्यासारखी केवळ स्वतःच्या वजनाने खाली राहते. ब्रेक दाबला की चाक बैठकीला आपल्याबरोबर फिरवू पाहते आणि चालक पुढे झुकतो. ब्रेक फार जोरात दाबला तर तो चाकाबरोबर गरकन फिरून डोके खाली, पाय वर होतो! साधा हिशेब करू. चाकाची त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य केंद्राच्या २५ सेंटिमीटर खाली आहे असे धरू. बैठक ३० अंशांपर्यंतच कलू द्यायची ठरविली, तर ताशी ३६ किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे २२ मीटर लागतील. चाकाचे स्वतःचे वजन धरले तर आणखी जास्त. चांगल्या ब्रेकची दुचाकी कोरड्या रस्त्यावर सुमारे १० मीटरांत थांबते. ताम्हिणी घाटाच्या उतारावर, ऐन पावसात, या फरकाचा अर्थ काय, हे सांगायला नको.

दुसऱ्या प्रकारात चालक चाकाच्या वर बसतो. तळहातावर काठी उभी धरताना ती जिकडे कलेल तिकडे आपण हात नेतो. सर्कशीतला खेळाडू पायडलने हेच करतो. यंत्रात हे काम कल ओळखणारी उपकरणे आणि विजेची मोटर करतात. २००१ साली आलेल्या 'सेगवे' या शेजारी-शेजारी दोन चाके असलेल्या गाडीचे तत्त्वही हेच. अमेरिकेत ख्रिस हॉफमन यांनी याच तत्त्वावर 'रायनो' ही एकचाकी बनविली. तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटरच होता. हा वेग इतका कमी का? चालक पुढे कलला की त्याला सावरण्यासाठी चाकाने आणखी वेगाने पुढे धावले पाहिजे. मोटर आधीच पूर्ण ताकदीने चालत असेल तर ती सावरणार कशी? आणि वीज गेली, की चालक थेट तोंडावर!

राहता राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची व्याख्याच 'दोन चाकांचे वाहन' अशी आहे. शिवाय कोणत्याही नव्या वाहनाचा नमुना विक्रीपूर्वी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील 'एआरएआय'सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो.

सारांश, एकचाकी चालविता येते. पण तिच्यावर भरवसा ठेवून प्रवास करता येत नाही. आपल्या कारागीर मित्रांनी ती जरूर बनवावी. मात्र डोक्यावर हेल्मेट घालून, मोकळ्या सपाट माळावर, सायकलच्या वेगाने चालवावी. वाहनाची परीक्षा ते किती पळते यावर नव्हे, तर हवे तेव्हा थांबते की नाही यावर होते. त्या परीक्षेत दुसरे चाक आजही उपयोगी पडते.