चुंबळ आणि पाहुणा

आमचे भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव. पाण्याचा गुंड डोक्यावर ठरतो तो चुंबळीच्या जोरावर. चुंबळ लहान झाली तर गुंड डुगडुगतो, मोठी झाली तर आत धसतो. रसायनशास्त्रातही असेच आहे, असे आमच्या कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक म्हणाले, तेव्हा मी मराठीचा मास्तर हसलो होतो.

अमेरिकेतील चार्ल्स पेडरसन करायला गेला एक, आणि हाती आले चिमूटभर पांढरे स्फटिक. त्यांचे रेणू कड्यासारखे! १९६७ साली त्याने ते जाहीर केले. कड्यात प्राणवायूचे सहा अणू असले की पोटॅशियम नेमका आत बसतो. पाचांचे कडे सोडियमला मानवते. पेडरसनजवळ डॉक्टरेट नव्हती, तरी १९८७ चे नोबेल पारितोषिक आणखी दोघांबरोबर त्याला मिळाले. (आम्हा नुसत्या एम. ए. वाल्यांना तेवढाच दिलासा!)

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच कुळातले कडे कामास लावले. अणुइंधनाच्या द्रवरूप कचऱ्यात सोडियमचा पूर आणि सीझियम-१३७ अगदी थोडे. कॅलिक्स-क्राउन नावाचा यजमान सोडियमला उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि सीझियमलाच घरात घेतो. मग ते काचेत घालून कांड्या करतात. त्यांचे किरण रक्ताच्या पिशव्यांना देतात, म्हणजे परक्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या रोग्यावर उलटत नाहीत.

माझ्या भाचीची अस्थिमज्जा बदलली, तेव्हा तिच्या प्रत्येक पिशवीवर किरण दिल्याची चिठ्ठी असे. किरण कशाचे, हे मी विचारले नाही. चिठ्ठी मात्र दर वेळी चष्मा पुसून वाचत होतो.