लहान मुलांचे कोडिंग आणि रोबोटिक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मुलांना कोडिंग शिकवायचे म्हणजे संगणकासमोर बसवायचे, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. कोडिंगची सुरुवात कामाचा क्रम नेमका सांगण्यापासून होते आणि पहिली-दुसरीत त्यासाठी यंत्र लागतच नाही. उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या कोणत्याही शाळेत फरशीवर खडूने चौकोन आखता येतात. एक मूल रोबो होते, दुसरे सूचना देते : दोन घरे पुढे, डावीकडे वळ, एक घर पुढे. ‘डावीकडे वळ’ म्हटले की रोबो झालेले मूल पुष्कळदा वळून एक पाऊल टाकूनही मोकळे होते. वळणे आणि चालणे या दोन वेगळ्या सूचना आहेत, हे तिथेच उमगते. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधून सूचना दुरुस्त करणे म्हणजेच डीबगिंग, आणि कोडिंगचा खरा कस त्यातच लागतो. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसह ‘सीएस अनप्लग्ड’ हा उपक्रम याच विचारावर उभारला.

इंग्रजीवाचून अडते, हेही खरे नाही. ‘स्क्रॅचज्युनिअर’ हे कोडिंगचे ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातले ठोकळे चित्रांचे असल्याने वाचता न येणारे मूलही ते जोडू शकते.

रोबो म्हणजे हजारो रुपयांचे तयार किट, ही समजूत मात्र पालकांच्या खिशाला चाट लावते. रेषेवरून धावणाऱ्या साध्या गाडीला मुख्यतः दोन मोटारी, दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि एक छोटा कंट्रोलर बोर्ड पुरतो. पांढरा कागद इन्फ्रारेड किरण परतवतो, काळी पट्टी शोषून घेते. डाव्या सेन्सरखाली काळे आले, म्हणजे गाडी उजवीकडे सरकली. डावी मोटार थांबवून उजवी चालू ठेवली की ती पुन्हा रेषेवर येते. मोटारींच्या जोडण्यांची अदलाबदल झाली तर गाडी रेषा सोडून पळते. ती का पळाली, हे मुलाने स्वतः शोधण्यात जे शिक्षण आहे, ते तयार खेळणे चालवण्यात नाही.

कोडिंग पहिलीपासून सक्तीचे झाले, असेही सांगितले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कोडिंगचा उल्लेख माध्यमिकपूर्व टप्प्यासाठी, म्हणजे सहावी ते आठवीसाठी आहे. सात वर्षांचे मूल ॲप बनवून श्रीमंत होईल, अशी आशा दाखवणाऱ्या जाहिरातींवर विसंबून पालकांनी कर्ज काढू नये.

खेड्यातल्या शाळांसाठी सोयच नाही, हा शेवटचा गैरसमज. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या निवडक शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. मुरुम ज्या जिल्ह्यात येते तो धाराशिव त्याच आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा 50,000 लॅब उभारण्याची घोषणा झाली. मुरुम परिसरातील शाळा व्यवस्थापन समित्यांनी या योजनेवर लक्ष ठेवावे. खडूचे चौकोन तोवर थांबवायचे कारण नाही.