शनवार तेल्यांची मुलं कॉलेजात

वाशिंदच्या पोरापोरींची बारावी झाली की कसारा लाइनची लोकल काही चुकत नाही. खडवली, टिटवाळा करत निम्मे कल्याणला उतरतात, उरलेले ठाण्याला. ठाण्याला उतरणाऱ्यांना टेंभी नाका ठाऊक असतो तो नवरात्रातल्या देवीमुळे. त्याच भागात, सिव्हिल हॉस्पिटलजवळ, १८७९ साली बांधलेलं ‘शाअर हाशामाईम’ हे सिनेगॉग आहे, याची मात्र बऱ्याच जणांना दाद नसते. देवीचा मांडव पडतो त्याच सुमारास आत ज्यूंचे नव्या वर्षाचे सण चालू असतात. तिथे प्रार्थनेला जमणारी कुटुंबं घरी मराठीच बोलतात, आणि त्यांची आडनावं पेणकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर अशी.

हे बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरेनं चालत आलेली कथा. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. घाण्यावरून उठून हा समाज दोन-तीन पिढ्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक कसा झाला, याचं उत्तर शाळा-कॉलेजांत सापडतं.

तुलनेला आधी अमेरिका घेऊ. तिकडे ज्यू विद्यार्थ्यांसाठी १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात ‘हिलेल’ नावाची संस्था सुरू झाली. शुक्रवारचं जेवण, सणवार, व्याख्यानं, सगळं तिथे एका छपराखाली. ती देशभर पसरली. त्याच काळात हार्वर्डसारख्या ठिकाणी ज्यू मुलांची संख्या आटोक्यात ठेवायची खटपट चालू होती, हेही विसरून चालत नाही. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत बेने इस्रायली मुलांची अशी अडवणूक झाली नाही. त्यांना कमी लेखलं ते बरंचसं त्यांच्याच धर्माच्या श्रीमंत बगदादी मंडळींनी. त्यामुळे कॉलेजात स्वतंत्र कोट बांधायची वेळ आली नाही, असं मला वाटतं. त्यांची मंडळं, सभा, मासिकं कॉलेजाबाहेर समाजात उभी राहिली, आणि ती उभी करणारे बहुतेक कॉलेजात शिकलेलेच होते.

बेने इस्रायलींच्या शिक्षणाची सुरुवात मिशनऱ्यांपासून झाली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलींनी व्याकरण घेतलं, हिब्रू घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केलं. आपले संस्कृतवाले तसे हे हिब्रूवाले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर माझगावची एली कदूरी शाळा झाली. गंमत म्हणजे देणगीदार बगदादी.

पण या सगळ्या हकिकतीत मला मोठा वाटा दिसतो तो मुलींचा. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली रिबेका रूबेन १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आली. मुलींना शिकवावं की नाही यावर वर्तमानपत्रांत अजून काथ्याकूट चालू होता, अशा काळातली ही गोष्ट. पुढे त्या इंग्लंडला शिकून आल्या, बेने इस्रायलींचं वार्षिक संपादित केलं, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

त्यांच्याच पिढीतल्या जेरुशा झिराड ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि वरच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथे त्यांना वैद्यकाबरोबर आणखी एक गोष्ट भेटली. लिली मॉण्टेग्यू या बाईंच्या पुढाकारानं तिकडे ज्यू धर्मातला सुधारकी पंथ वाढत होता. परतल्यावर, १९२५ साली, झिराडबाईंनी मुंबईत ‘ज्युइश रिलिजस युनियन’ सुरू केली. बेने इस्रायल स्त्री मंडळाच्या कामातही त्या अग्रभागी होत्या. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून त्यांनी असंख्य बाळंतपणं पाहिली. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. शिकायला परदेशी गेलेली मुलगी येताना धर्मसुधारणा घेऊन येते, हे आपल्याकडे फार वेळा घडलेलं नाही.

कवी निस्सीम इझिकेल यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मुलगाही विल्सनचाच. ज्यू मुलगा, स्कॉटिश मिशनचं कॉलेज आणि पहिली नोकरी खालसा कॉलेजात! पुढे मिठीबाईत ते इंग्रजीचे विभागप्रमुख झाले. मुंबईची कॉलेजं तेव्हा अशी मोकळीढाकळी होती.

मग कॉलेजात जाणाऱ्या या मुलांचं वेगळेपण कुठे दिसायचं? डब्यात. मटणाबरोबर दूध-दही नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा. पापलेट चालतं, कोळंबी नाही, कारण तिला खवले नसतात. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ सुरू होतो. त्या वेळी प्रार्थनेला वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत. शनिवारच्या तासांचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी बसतं, कुणी वही मागून घेतं. कडक उपासाचा योम किप्पूर तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पुष्कळदा सहामाही परीक्षेच्या तोंडावर येतो.

निकाल लागला की मलिदा. नवस प्रेषित एलियाहू हन्नाबीला बोललेला असतो. परातीत भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. हिब्रू प्रार्थना झाली की हातावर मलिदा पडतो. नोकरी लागली, लग्न ठरलं, तरी हेच. कॉलेजातल्या मित्रमंडळींना या समाजाची ओळख होते ती बहुधा याच परातीपाशी.

१९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं, पण इथली बाकं रिकामी झाली. वरळीला १९६० च्या दशकात ‘ओआरटी’ संस्थेनं तरुणांना हातचे व्यवसाय शिकवायला सुरुवात केली, ती उरलेल्यांसाठी. एली कदूरी शाळेत आता बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यू उरले सुमारे अडीच हजार. एखाद्या कॉलेजात एखादाच ज्यू विद्यार्थी असला तर नवल नाही.

जून २०१६ मध्ये राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर अर्जातल्या धर्माच्या रकान्यात ‘इतर’वर खूण करावी लागे. आता शिष्यवृत्ती मागता येते, कायद्यानं स्वतःचं कॉलेजही काढता येतं. ते कुणी काढेल असं वाटत नाही. अडीच हजारांत एका वर्गाची पटसंख्याही भरायची पंचाईत, आणि ठाण्याची मुलं ठाण्याच्याच कॉलेजांत जाऊन शिकताहेत.